बेचाळीस साड्या आणि तिसरी पिन

१

कॉम्प्युटर आला आणि आल्या आल्या रुसला.

खोक्यातून काढला, टेबलावर मांडला, बटण दाबलं. खालचा डबा गुरगुरला, पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. वरचा पडदा मात्र काळाठिक्कर. त्या काळोखात एक बारकी चौकट, चौकटीत ‘नो सिग्नल’ अशी इंग्रजी अक्षरं, आणि ती चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आपटत हिंडायला लागली. गोडदेवच्या त्या घरात तेव्हा बारा माणसं हजर होती. अकरा माना चौकटीमागे फिरत होत्या. डावीकडे. उजवीकडे. वर. पुन्हा डावीकडे.

बारावी मान सुरुचीची. ती खाली गेली होती.

कॉम्प्युटरचा हट्ट तिचा. ती या घरची सून. दोन वर्षांपूर्वी मीरा रोडच्या फ्लॅटमधून इथं आली, आणि त्याच्याही आधी तिच्या आईवडिलांनी परळ सोडलेलं. सासर म्हणजे भाईंदरजवळच्या गोडदेवचं जुनं आगरी घर. एके काळी मिठागरं, भातशेती. आता खाली भाड्याने दिलेली दुकानं आणि वर माणसंच माणसं. सुरुची विमा कंपनीत, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. कॉम्प्युटर त्यासाठी, असं तिने नवऱ्याला, अमोलला, सांगितलेलं. ते कारण खरं होतं, पण दुसऱ्या नंबरचं.

पहिल्या नंबरचं कारण असं, की वीस दिवसांवर तिच्या नणंदेची, भाविकाची, हळद होती आणि हळदीच्या साड्या या खेपेला सुरुची ठरवणार होती.

आगऱ्यांकडे लग्न एक वेळ विसरलं जाईल, हळद नाही. भावकीतल्या सगळ्या बायका एकसारखी साडी नेसून मांडवात उतरतात. रंग पिवळा, त्याच्यावर चर्चा नाही. चर्चा कुठला पिवळा यावर. लिंबाचा, आंब्याचा, मोहरीचा की झेंडूचा? एकोणीस वर्षं हा निकाल चुलतसासू सुलूकाकी देत आल्या होत्या. आणि सासूबाईंनी, जिजाबाईंनी, एक दिवस जेवता जेवता सांगून टाकलं, यंदा सुरुची बगंल. सुलूकाकींचा घास हातातच राहिला. मग त्या गोड हसल्या. त्या इतक्या गोड हसल्या, की सुरुचीला त्याच क्षणी कळलं, हे आता साड्यांचं उरलेलं नाही. जमलं तर ती या घरची. नाही जमलं तर पुढची एकोणीस वर्षं ‘परळवाली’.

म्हणूनच ती जोरात बोलून बसली होती.

“मोबाइलवर रंग फसवतात, काकी. आपण मोठ्या पडद्यावर बघू. सगळ्या मिळून.”

मोठा पडदा हा असा. काळा. फिरत्या चौकटीचा.

२

दुकानात फोन लावला. तिकडे कुलदीप नावाचा माणूस होता. त्याने भाईंदर स्टेशनजवळच्या आपल्या खुर्चीतून उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. वायर निकालो. वायर लगाओ. दुसरी बाजू निकालो. दुसरी बाजू लगाओ.

वायर काढायला-लावायला दशरथकाका पुढे झाले. सुलूकाकींचे यजमान. उभा जन्म मिठागरांवर पंप बसवण्यात गेलेला, आणि पंपाच्या धंद्यातला त्यांचा एकच सिद्धान्त होता: पाइप बसत नाही असं कधी नसतं, माणूस जोर लावत नाही. त्यांनी वायरीचं तोंड मागच्या भोकांवर ठेवलं, पाय रोवले आणि जोर लावला. कुठंतरी बारीकसं कट्ट झालं. काका म्हणाले, बसला. मग खिशातून नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप काढून वायरीच्या तोंडाभोवती सात वेढे दिले. गळती नको.

पडदा उजळला. अकरा तोंडांतून एकदम ‘आला’ निघालं.

आला, पण पिवळट आला. खिडक्या पिवळ्या, पानं पिवळी, सगळ्यावर तेलाचा हात फिरल्यासारखं. सुरुचीने पुन्हा फोन केला. कुलदीप म्हणाला, स्क्रीनवर डोळ्याचं चित्र असलेला स्टिकर आहे का? होता. “मॅडम, वो आय-केअर है. आँखों के लिए अच्छा रहता है.” हे सुरुचीने सगळ्यांना मराठीत सांगितलं आणि घराला ते फार आवडलं. नुसता कॉम्प्युटर नाही, औषधी कॉम्प्युटर. दुसऱ्या दिवशी मोतीबिंदू झालेली एक मावशी मुद्दाम पडद्यासमोर बसून गेली.

बाकी कुरबुरी चालूच होत्या. स्वयंपाकघरात मिक्सर लागला की पडद्यावर शेवया पडायच्या. मिक्सर थांबला की शेवया गायब. त्याचीही सवय झाली. चटणीच्या वेळी सुरुची ऑफिसचं काम थांबवायची. ऑफिसच्या फाइली जुन्या पिवळ्या कागदावर लिहिल्यासारख्या दिसायच्या आणि डोळे दुखतच नव्हते. म्हणजे तिला तसं वाटायचं.

आणि मग रविवारी दुपारी, मिक्सरला सुट्टी देऊन, भावकीतल्या तेवीस बायका त्या पडद्यासमोर बसल्या. सुरतेच्या एका घाऊक व्यापाऱ्याचं पान उघडलं. तिथं रंगांची नावं नव्हती, नुसते डिझाइनचे नंबर. खाली, खाली, अजून खाली, थांब, वर, वर घे, ती, ती नाही गं तिच्या शेजारची...

४४७१.

जुन्या सोन्यासारखी. मोहरीच्या शेतावर ऊन उतरावं तशी. तेवीस बायका गप्प झाल्या, आणि तेवीस बायका एकदम गप्प होणं ही गोडदेवमध्ये नोंद घ्यावी अशी घटना आहे. सुलूकाकी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून म्हणाल्या, बरी हाय. त्यांच्या तोंडून ‘बरी’ म्हणजे इतरांचं ‘वा’.

सुरुचीने सुरतेला फोन केला. व्यापाऱ्याने विचारलं, कलर पक्का ना? ती खात्रीने म्हणाली, “हां, वही जो दिख रहा है.”

किती पीस, त्याने विचारलं. यादीत एक्केचाळीस नावं होती. जिजाबाईंचं नव्हतं. सासरे, काशीनाथमामंजी, जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या मागे जिजाबाई हळदीला, कुंकवाला, पिवळ्याला हात लावत नव्हत्या. कुणी सांगितलं म्हणून नाही, त्यांचं त्यांनीच. लेकीच्या हळदीला मी चुलीकडं, माझी साडी धरू नको, एवढंच सुनेला बजावलं होतं.

सुरुची फोन घेऊन गॅलरीत गेली आणि हळूच म्हणाली, “बयालीस.” नेसणार नाहीत, माहीत होतं. पण गठ्ठ्यात एक घडी त्यांच्या नावाची असू दे.

३

नो सिग्नल.

४

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता टेम्पोतून दोन पोती उतरली. दारात मांडव चढत होता. मांडववाले शिड्यांवर, वाजंत्रीवाल्यांचे स्पीकर जिन्यात, मोदकांच्या पिठाचं पातेलं चुकून कॉम्प्युटरच्या टेबलावर. घरातल्या सगळ्या बायका पोत्यांभोवती. सुलूकाकींनी स्वतः विळीने शिवण कापली. पहिली घडी बाहेर काढली. उलगडली.

जांभळट.

फिक्कट, मऊ, नाजूक जांभळट. दुकानदार ज्याला लव्हेंडर म्हणतात तो रंग. दुसरी उलगडली. जांभळट. पाचवी, नववी, बारावी. पोत्याच्या तळाशी हात घालून आशेने ओढून काढलेली शेवटची. तीही.

बाहेर शिडीवरचा माणूस खिळा मागत होता.

सुलूकाकींनी पदर दोन बोटांत धरला, उजेडाकडे केला, आणि एखाद्या पोरीला पाढा विचारावा तशा मायेने विचारलं, “ह्यो कोनता पिवला म्हनायचा, सुरुची?”

सुरुचीच्या कानात मिक्सर लागला. तिने धावत जाऊन कॉम्प्युटर लावला, ते पान उघडलं. पडद्यावर ४४७१, जुन्या सोन्यासारखी, मोहरीवर उतरलेल्या उन्हासारखी. शेजारी हातात ४४७१, जांभळट. सुरतवाल्याने फसवलं, असा एकच गलका झाला. फोन लागला. सुरतवाला थंडपणे म्हणाला, बेन, तुम्ही नंबर दिला, मी नंबर पाठवला, मोबाइलवर बघून घ्या.

मोबाइलवर बघितलं. जांभळट.

सुरुचीने मोबाइल पडद्याला टेकवून धरला. तोच नंबर, तीच बाई, तेच हसणं, तोच खांद्यावरचा पदर. इथं जांभळा. इथं सोनेरी.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथं आरसाच हळद खेळून बसला होता.

“वहिनी,” भाविका म्हणाली, “कॉम्प्युटर पिवळा झालाय.”

५

आता हे खरं तर रडायचं. पण भाविका उद्याची नवरी आणि नवरीला आदल्या दिवशी काही म्हणजे काही धरवत नाही. तिने मोबाइल उचलला आणि समोर येईल त्याचा फोटो काढून पडद्यावर टाकायला लागली, नक्की काय काय पिवळं होतं ते बघायला.

निळी बादली. पडद्यावर काळी.
पातेल्यातलं मोदकाचं पीठ. पडद्यावर बेसन.
दूध. हळदीचं दूध.
दशरथकाकांचा गुलाबी शर्ट. केशरी. काका एकदम महंत.
पांढरं मांजर. वाघाचं पिल्लू.
टेफ्लॉन टेप. (“बगा, गळती न्हाय,” काका.)
सुलूकाकींचे पांढरे केस

इथं सुलूकाकींनी मोबाइल हिसकावला, पण उशीर झाला होता. पडद्यावर काकी सोनेरी केसांच्या मडमेसारख्या बसल्या होत्या, आणि एक बाई हसता हसता जमिनीवरच बसली, तिच्या अंगावर दुसरी, पोत्यावर तिसरी, आणि कुणीतरी म्हणालं, भात टाक भात, भाताचा केसरीभात होतोय का बघू, आणि भात आला, आणि झाला, आणि आता थांबायचं कसं हे कुणालाच सुचेना.

सुरुची हसत नव्हती. तिच्या डोक्यात आकडे होते. आज बुधवार. उद्या संध्याकाळी हळद. एक्केचाळीस बायका. भाईंदर, मीरा रोड, सगळी दुकानं धुंडाळली तरी एका रंगाच्या एक्केचाळीस कुणाकडे असणार? सुलूकाकी गर्दीतून तिच्याकडेच बघत होत्या, ओठ मिटून.

तिला एकच करायचं होतं. पडदाच खोटा आहे, आपण नाही, हे सिद्ध करायचं. त्यासाठी असा फोटो हवा, ज्यातला रंग या घरातलं प्रत्येक माणूस डोळे मिटून सांगेल. तिने निमंत्रणासाठी स्कॅन केलेल्या फोटोंची फाइल उघडली. काशीनाथमामंजींचा मिठागरावरचा फोटो. मामंजी जन्मभर पांढऱ्या सदऱ्याशिवाय दुसरं काही ल्याले नाहीत. मागे मिठाचा ढीग, माणसाच्या दुप्पट उंच.

“हा सदरा तर पांढराच आहे ना?” ती म्हणाली आणि फोटो पूर्ण पडदाभर केला.

हसू थांबलं. मिक्सर बंद झाल्यावर शेवया थांबतात तसं, सगळीकडून एकदम.

काशीनाथ उभे होते. सदरा पिवळा. टोपी पिवळी. मिशा पिवळ्या. कपाळावर, गालांवर, हातांवर, सगळीकडे कुणीतरी मूठमूठभर हळद चोळलेली. आणि त्यांच्या मागे, आभाळापर्यंत गेलेला, पिवळाधमक ढीग.

जिजाबाई चुलीकडून आल्या होत्या, हसण्याचा आवाज ऐकून. दारातच थांबल्या. ओले हात पदराला पुसले. मग बायकांच्या मधून वाट काढत पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. सुरुचीने पटकन माउसकडे हात नेला, फोटो बंद करायला. जिजाबाईंनी तिचं मनगट धरलं.



“लेकीच्या हलदीला,” त्या म्हणाल्या, “केवडा ढीग घेऊन आल्यात बग.”

भाविका त्यांच्या पाठीला बिलगली. कुणी नाक ओढलं. जिजाबाईंनी मात्र डोळ्यांना पदर लावला नाही. त्यांची नजर पडद्यावरून खाली आली, जमिनीवर पसरलेल्या साड्यांवर. वाकून त्यांनी एक उचलली. हाताच्या पालथ्या बाजूने पोत बघितला. सुरुचीला विचारलं, यादीत एक्केचाळीस होत्या ना?

“बेचाळीस मागवल्या, आई.”

जिजाबाईंनी सुनेकडे बघितलं. जेवढं बघायचं तेवढं बघून घेतलं. मग साडी खांद्यावर टाकून त्या सुलूकाकींकडे वळल्या. सुरुचीकडे नाही. सुलूकाकींकडे. घरातल्या एकोणीस वर्षांच्या अधिकाराकडे.

“पिवला असता तं मना घ्यायचा न्हवता. ह्यो रंग मना चालंल का गं, सुलू?”

पोत्याची सुतळी वाऱ्याने हलत होती. सुलूकाकी पुढे आल्या. जावेच्या खांद्यावरचा पदर त्यांनी नीट केला, एक चुणी घातली, दुसरी घातली, मागे होऊन बघितलं, पुन्हा पुढे येऊन काठ सरळ केला.

“चालंल काय, वयनी,” त्या म्हणाल्या, “धावंल.”

आणि मग सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात ज्यांच्या-त्यांच्या घड्या उचला, ब्लाऊजचं बघा, जांभळ्यावर कुठलं शोभतं ते मना इचारा, असा हुकूम सुटला. सुरुची टेबलाच्या कडेला टेकली. आता तिला हसू आलं. आलं ते इतकं आलं, की मांडववाल्याने शिडीवरून वाकून आत बघितलं.

६

दुपारी कुलदीप आला. खऱ्या अर्थाने आला, स्कूटरवरून, नवी वायर घेऊन. टेबलामागे वाकला आणि बराच वेळ तिथून नुसती टेप सुटण्याची चरचर येत राहिली. सात वेढे. शेवटी वायरीचं तोंड बाहेर आलं. आत तीन रांगांत पंधरा बारीक पिना, चौदा शिपायांसारख्या ताठ, आणि पहिल्या रांगेतली तिसरी झोपलेली. निळा रंग त्या पिनेतून येतो, त्याने सुरुचीला सांगितलं. निळा आला नाही की राहतो पिवळा. आय-केअरबद्दल तो काही बोलला नाही. तिनेही ते उकरलं नाही.

दशरथकाका जिन्यात स्पीकर मोजत होते. सकाळपासून दोन होते. काका अजून मोजत होते.

दो मिनट का काम है, म्हणून कुलदीपने नवी वायर उलगडली. तेवढ्यात जिजाबाईंनी त्याच्या हातात मोदकाची बशी दिली आणि वायर काढून घेतली. आधीचीच लाव, म्हणाल्या. नवी लग्न झाल्यावर.

“आंटी, ये डिफेक्ट है,” कुलदीप कळवळून म्हणाला.

“ऱ्हाऊ दे. उद्या पोरीचा बाप येनार हाय.”

त्याला मराठी येत होती, पण एवढी नाही. त्याने सुरुचीकडे बघितलं. सुरुचीने वाकडी पिन जशी होती तशी, हलक्या हाताने, परत भोकात बसवली. जोर लावायचा नाही. टेप मात्र काकांनी येऊन पुन्हा लावली. आठ वेढे.

७

आणि हळद लागली, म्हणजे आधी धवलारीण बसली, मांडवाच्या खांबाशी, लग्नाची जुनी गाणी, धवले, म्हणत, आणि मग वाजंत्री सुटली आणि धवलारीण ऐकू येईना म्हणून वाजंत्री थांबवली, आणि धवलारीण संपायच्या आत वाजंत्री पुन्हा सुटली, आणि त्या सगळ्याच्या मधोमध, तांदळाच्या पोत्यावर फळी, फळीवर टेबलक्लॉथ, त्यावर तो पडदा, मांडववाल्याच्या जनरेटरवर, काशीनाथ त्यात उभे, पाठीमागे ढीग, आणि मांडवात बेचाळीस बायका जांभळ्या, त्यात जिजाबाई, सगळ्यांत पुढे, चुलीपासून बरीच लांब, आणि भाविकाला पहिली हळद मामीने लावली, दुसरी सुलूकाकींनी, तिसऱ्या वेळी जिजाबाईंचा हात पुढे आला आणि थांबला, आणि सुलूकाकींनी वाटी त्या हाताखाली सरकवली, आणि जिजाबाईंनी बोट बुडवलं.

बोट लेकीच्या गालाला लागलं.

त्यानंतर काय वाजलं, किती वाजलं, कुणाच्या अंगावर कुणी काय ओतलं, त्याचा हिशोब नाही.

सुरुची मोबाइलवरचे फोटो पडद्यावर सोडत होती. अर्धा पडदा मामंजींना, अर्धा फोटोंना. मांडवात जांभळ्या नाचणाऱ्या बायका पडद्यावर सोन्याच्या होऊन नाचत होत्या. व्याह्यांकडची माणसं डोंगरीहून आली होती. त्यातली नवऱ्याची आत्या पडद्याकडे बघे, बायकांकडे बघे, डोळे चोळे, पुन्हा पडद्याकडे बघे. शेवटी तिने सुलूकाकींना गाठून विचारलं, या साड्या नक्की कुठल्या रंगाच्या?

सुरुचीने फोटो सोडायचं थांबवलं.

“दोन रंगाच्या हायेत,” सुलूकाकी शांतपणे म्हणाल्या. “मान्सात एक, फोटूत एक. आमच्या सुरुचीनं सुरतेवरनं मागवल्या. तुमच्याकडं न्हाय मिलत?”

आत्याबाईंनी नंबर लिहून घेतला. ४४७१.

३ (सरळ केलेली)

शनिवारी, लग्न होऊन भाविका सासरी गेल्यावर, कुलदीप पुन्हा आला. घर रिकामं झालं होतं. मांडव उतरत होता. नवी वायर लागली आणि पडद्यावर निळं आलं. आधी आभाळाला, मग सगळ्याला. ऑफिसच्या फाइली दुधासारख्या झाल्या. सुरुचीचे डोळे दिपले.

जिजाबाई फोटो बघायला आल्या. काशीनाथ उभे होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, पांढरा ढीग.

“मीठ मिठासारकं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “बरं हाय.”

मग कुलदीप जुनी वायर कचऱ्याच्या पिशवीत टाकत होता, ती त्यांनी मागून घेतली. तिची नीट गुंडाळी केली, जुनी दोरी करतात तशी, कोपरावरून पंजावर, पंजावरून कोपरावर. वाकड्या पिनेच्या तोंडाला चिंधी बांधली. आतल्या खोलीत गेल्या आणि ट्रंक उघडली. सुरुचीला त्यांच्या खांद्यावरून दिसलं, तिथं जांभळी घडी होती, काशीनाथांची टोपी होती, आणि त्यांच्या मधे वायर ठेवली गेली.

“पुढच्या हलदीला लागंल,” जिजाबाई म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीतून सुलूकाकींनी विचारलं, पुढची हलद कवा, आमच्या पोराची, शिवाची का? मग सुरुची, आतापास्नं बगायला लाग.